मार्कीची दुखणी

मोंरिव्हेलच्या मार्कीला कधी काही दुखत नसे. त्याचं जे दुखायचं ते गावाला दुखायचं.

फ्रान्सच्या मधोमध, द्राक्षाच्या मळ्यांत वसलेलं हे गाव. टेकडीवर मार्कीची गढी, टेकडीखाली एकच लांब गल्ली, गल्लीच्या टोकाला चर्च आणि विहीर. मार्की म्हणजे त्या मुलखाचा सरदार. जमीन त्याची, पाव भाजायची भट्टी त्याची, द्राक्षं पिळायचा घाणाही त्याचाच. दुखणी तेवढी गावाची. ती घराण्यांना वाटून दिलेली होती आणि बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे वतनासारखी चालत येत. मार्कीची दाढ पाववाल्याच्या विधवेकडे होती. खोकला लोहाराकडे. मार्कीने रात्री जास्त दारू घेतली की सकाळी डोकं गिलो मोच्याचं दुखायचं.

मातुरां पिंपं बांधायचा. त्याच्या घराण्याकडे मार्कीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा संधिवात होता. हा साधा मान नव्हता.

"खोकला कुणालाही येतो," तो म्हणायचा. "संधिवाताला घराणं लागतं."

दुखणं द्यायची रीत ठरलेली होती. कारभारी गोदार ढोल घेऊन टेकडी उतरायचा. ज्याचं वतन त्याच्या दारासमोर उभा राहून ढोल वाजवायचा आणि दुखण्याचं नाव मोठ्याने पुकारायचा. घरधनी उंबऱ्यात येऊन टोपी काढायचा. बाई असली तर डोक्याचा रुमाल सोडायची. डोकं उघडं झालं की दुखणं आत. मार्की आणि त्याच्या घरचे दिवसा केसांचा टोप घालत, झोपताना कानटोपी. त्यांचं डोकं कधी उघडं नसे, त्यामुळे दुखण्याला परत जायला जागाच नसे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. राजाचं तर याहून मोठं होतं. राजाला ताप आला की एक अख्खा प्रांत अंथरूण धरतो, असं म्हातारे सांगत. त्या प्रांतातले लोक म्हणे इतरांशी सरळ तोंडाने बोलतसुद्धा नसत.

कारभारी गोदार माणूस वाईट नव्हता. त्याच्या स्वतःकडे मार्कीची उचकी होती. गढीत तो उघड्या डोक्यानेच वावरायचा, तेव्हा त्याला ढोलही लागत नसे. गल्लीत उतरताना मात्र टोपी घट्ट बसवून यायचा.

त्या वर्षी मार्कीणबाईंना दिवस गेले होते.

बाळंतकळांचं वतन मातुरांच्या बायकोच्या, झानच्या, माहेरचं. मार्कीणबाईंच्या पहिल्या खेपेला झानने त्या कळा घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी ती कपडे धुवायला गेली. दुसऱ्या खेपेला ती मेली. गढीतून मेणबत्त्या आल्या. चांगल्या होत्या, मधमाश्यांच्या मेणाच्या. मातुरांने त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवल्या.

आता वतन कोलेतकडे आलं होतं. कोलेत ही मातुरांची एकुलती मुलगी. तिचा नवरा राजाच्या फौजेत होता, कुठे ते ठाऊक नव्हतं. आणि तिलाही दिवस गेले होते. पेरेत सुईण गढीतही जायची आणि कोलेतकडेही. एक दिवस तिने सरळ सांगितलं, "दोघींची वेळ एकच आहे. थोडं मागेपुढे."

ती गेल्यावर कोलेत म्हणाली, "बाबा, माझं मला होईल. दोघींचं एकदम नाही होणार."

"तुझ्या आईने घेतलं होतं."

"आईचं पोट तेव्हा रिकामं होतं. तरी मेली."

मातुरां फळी तासत होता. तो तासतच राहिला.

"वतन आहे," तो म्हणाला.

"वतन मी सांभाळेन हो. मी गेल्यावर बाळ कोण सांभाळणार? तुम्ही? तुम्हाला दूध तरी तापवता येतं का?"

मातुरांला दूध तापवता येत नव्हतं. त्याने रंधा खाली ठेवला, अंगात चांगला कोट घातला आणि तो गढीवर गेला.

गोदारने त्याला कचेरीच्या दारातच उभं केलं.

"काय मागणं आहे?"

"कळा माझ्या नावावर करा."

"कोणत्या कळा?"

"बाळंतकळा."

गोदारने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुला?"

"मी पिंपं उचलतो."

"पुरुषाला बाळंतकळा लागत नाहीत. शिवाय तुझ्याकडे संधिवात आहे. एका माणसाला दोन मान दिले की गाव कुरकुरतं. लोहाराने खोकल्याबरोबर शिंक मागितली होती, तेव्हा सगळ्यांत आधी कोण ओरडलं होतं?"

मातुरां ओरडला होता.

"मग निदान थोडं थांबा," तो म्हणाला. "पोरीचं बाळंतपण होऊ दे. ती उठली-बसली की मग कळा पाठवा."

"कळा साठवून ठेवायची सोय गढीत नाही."

"दोन्ही एकदम आल्या तर ती मरेल."

गोदार काही बोलणार तोच त्याला उचकी लागली. वर मार्की जेवायला बसला होता. उचकी थांबेपर्यंत दोघेही गप्प उभे राहिले. मार्कीला जेवायला बराच वेळ लागला.

"मातुरां," गोदार शेवटी हळू आवाजात म्हणाला, "माझं कुणी ऐकतं का, सांग. माझ्या स्वतःच्या लग्नात मला उचकी लागली होती. पाद्रीबाबा विचारतोय, ही बायको कबूल आहे का, आणि मला हो म्हणता येईना." त्याने डोळे पुसले. "पोरीचं काही बरंवाईट झालंच तर मेणबत्त्या येतील. तेवढं मी जातीने बघतो."

मातुरां टेकडी उतरला. अंगठा ठणकत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला त्या ठणक्याचा अभिमान वाटला नाही. त्याला त्याचंच आश्चर्य वाटलं.

मे महिना सरता सरता सुया-दोरे विकणारा एक फेरीवाला गावात आला आणि गिलोच्या दुकानात बसून त्याने व्हर्सायची बातमी सांगितली. राजाने मोठी सभा भरवली होती. पाद्री, सरदार आणि उरलेले सगळे, असे तिन्ही वर्ग बोलावले होते.

"भाषण झालं," फेरीवाला म्हणाला. "राजाने टोपी घातली. मग सरदारांनी घातल्या. मग उरलेल्यांनी पण घातल्या."

"कुणाच्या?" गिलोने विचारलं.

"आपापल्या."

"राजासमोर?"

"राजासमोर."

"मग?"

"मग काही नाही. सभा चालू आहे."

गिलो बारीक, लांब मानेचा आणि तोंडाने फटकळ. तो बराच वेळ हातातल्या जोड्याकडे बघत राहिला. "मग काही नाही," तो स्वतःशी म्हणाला.

त्याच आठवड्यात गढीवर पाहुणे आले, दारू वाहिली, आणि सकाळी ढोल गिलोच्या दारात आला.

"मार्कीसाहेबांची डोकेदुखी!" गोदारने पुकारा केला. "गिलो मोची!"

गिलो उंबऱ्यात आला. डोक्यावर टोपी होती.

"टोपी," गोदार म्हणाला.

"आहे की."

"काढ."

"का? वाईट दिसते?"

गोदारने पुन्हा ढोल वाजवला, पुन्हा पुकारा केला. गिलो चौकटीला टेकून उभा राहिला. त्याचे हात दोनदा वर गेले. दोन्ही वेळा त्याने कान खाजवला आणि ते खाली आणले. डोकेदुखी गल्लीत उभी राहिली. तिला जायला घर नव्हतं. पाववाल्याच्या विधवेचं एक बदक चालत आलं, त्या जागेपाशी थबकलं आणि लांबून वळसा घालून गेलं.

अशी कुणी टोपी काढलीच नाही तर काय करायचं, हे गोदारला माहीत नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं. तो थांबून राहिला. तेवढ्यात चर्चमधून पाद्रीबाबा आला. ऊन होतं. कपाळ पुसायला त्याने टोपी काढली, आणि तो मटकन विहिरीच्या कठड्यावर बसला.

"हे कुणाचं?" त्याने डोकं धरून विचारलं.

"मार्कीसाहेबांचं," गिलो म्हणाला. "माझ्याकडे असतं ते."

"असं रोज असतं?"

"रविवारी जास्त. शनिवारी पाहुणे असतात ना."

पाद्रीबाबाने विहिरीचं पाणी कपाळाला लावलं. "आणि मी तुला इतकी वर्षं सांगत आलो की सोसण्यात पुण्य आहे."

"सांगता खरे."

"मला वाटायचं, जरा कमी दुखत असेल."

त्या दिवसापासून मोंरिव्हेलमध्ये टोप्या डोक्यावर राहिल्या. सोपं नव्हतं ते. ढोल ऐकला की हात आपोआप वर जायचे. पाववाल्याच्या विधवेने रुमालाला दुहेरी गाठ मारली. लोहाराने टोपी दोरीने हनुवटीखाली करकचून बांधली आणि तो ती घालूनच आंघोळ करू लागला. पुकारलेली दुखणी गल्लीत ताटकळायची आणि मग टेकडीवर परत जायची. तिथे ती उघड्या डोक्याच्या नोकरांवर पडू लागली. मग नोकरांनीही टोप्या चढवल्या. आचारी तर पातेलं घालून वावरायचा. शेवटी दुखणी गढीच्या अंगणात पडून राहिली आणि घोडे तिथून जायला कुरकुर करू लागले.

गावात एकच टोपी निघत होती. मातुरांची.

ढोल वाजला की तो कोटाची बटणं लावून दारात यायचा, सगळ्या गल्लीदेखत टोपी काढायचा, आणि लंगडत आत जायचा. लोक त्याला काही म्हणत नसत. म्हातारा माणूस, त्यात बायको गेलेली. पण एक दिवस गोदार ढोल खांद्याला लावताना म्हणाला, "तुझे उपकार आहेत, मातुरां."

"कसले?"

"तू काढतोस म्हणून रिवाज चालू आहे. एक जरी घर मानत असलं तरी रिवाज मोडला असं म्हणता येत नाही. आणि रिवाज चालू असला की बाईंच्या वेळेला शिपाई आणून रुमाल सोडवायचा मला अधिकार राहतो. मोडला असता तर तो राहिला नसता." त्याने मान खाली घातली. "मी आपलं जे आहे ते सांगितलं."

हे खिडकीतून कोलेतने ऐकलं. शेजारून गिलोनेही ऐकलं. तो हातातलं काम टाकून आला.

"काका, ऐकलंत ना? तुमची टोपी पोरीचा रुमाल सोडणार."

"तू तुझे जोडे बघ."

"बघतोय. आता तेवढेच बघतोय. पूर्वी मी मार्कीच्या डोक्याचा माणूस होतो. आता नुसता मोची आहे. सकाळी उठलो, डोकं दुखेना, पहिले दोन दिवस काय करावं तेच कळेना. मग जोडे शिवले."

"माझ्या बापाने घेतला, आज्याने घेतला," मातुरां म्हणाला. "मी सोडला तर मी कोण?"

"पिंपवाला. आणि चांगला पिंपवाला. तुमचं पिंप गळलेलं मी पाहिलं नाही."

गिलो गेल्यावर कोलेत आतून आईच्या वेळच्या मेणबत्त्या घेऊन आली. त्या अजून निम्म्या उरल्या होत्या. तिने त्या फडताळात समोर, हाताला येतील अशा ठेवल्या.

"या कशाला काढल्यास?" मातुरांने विचारलं.

"गढीवरून नव्या यायला उशीर झाला तर तुम्हाला शोधत बसायला नको."

ती रागाने बोलली असती तर त्याने तिला गप्प केलं असतं. ती नेहमीच्या आवाजात बोलली होती, सरपण कुठे ठेवलंय ते सांगावं तशी.

जुलैमध्ये कोलेतला कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ होती, पण ऊन तापलं होतं. पेरेत आली, तिने पाणी ठेवायला सांगितलं आणि मातुरांला बाहेर काढलं. उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास टेकडीवर ढोल वाजला. गल्ली माणसांनी भरली. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या. गोदार दोन शिपाई घेऊन आला आणि मातुरांच्या दारासमोर थांबला.

"मार्कीसाहेब पहाटेपासून बाईंच्या दाराशी उभे आहेत, अंगठा सुजला आहे," तो म्हणाला. "तेव्हा रीतीप्रमाणे धन्याचं दुखणं आधी." त्याने ढोल वाजवला. "मार्कीसाहेबांचा संधिवात! मातुरां पिंपवाला!"

मातुरां उंबऱ्यात उभा होता. त्याचा हात वर गेला. पिढ्यानपिढ्या गेला होता तसाच गेला. बोटांनी टोपीची कड धरली. आत कोलेत ओरडली. मोठ्याने नाही. दात आवळून, बापाला ऐकू जाऊ नये अशी.

मातुरांने टोपी दोन्ही हातांनी कानांपर्यंत खाली ओढली.

"मातुरां," गोदार म्हणाला. "टोपी."

"थंडी आहे," मातुरां म्हणाला.

गल्लीत कुणी हसलं नाही. दगडसुद्धा तापले होते.

"नीट विचार कर. घराण्याचा मान आहे."

"विचार केला. थंडी आहे."

"रिवाज मोडला!" गिलो मागून ओरडला. "कारभारी, सांगा, मोडला की नाही?"

गोदारने विचार केला. तो नियमाने चालणारा माणूस होता. "मोडला असं दिसतं," तो म्हणाला, आणि शिपायांना त्याने एक पाऊल मागे सरकायला सांगितलं. "तरी पुकारा मला करावा लागेल. त्यासाठी मला पगार आहे."

त्याने मार्कीणबाईंच्या कळा पुकारल्या. आत पेरेतने कोलेतच्या रुमालावर स्वतःचाही रुमाल बांधला होता आणि वर एक टोपली घातली होती. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या टोप्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या. एका शिपायाने शिरस्त्राणाचा पट्टा आवळला. कळा थोडा वेळ दारापाशी थांबल्या. मग गल्लीतली धूळ हलली आणि टेकडीच्या वाटेने वर सरकत गेली. संधिवातही तिच्याबरोबर गेला. गोदार आणि शिपाई मागोमाग गेले.

गढीवर त्या दिवशी फार उकडत होतं. मार्कीणबाईंनी घामाने भिजलेला टोप केव्हाच फेकून दिला होता. मार्कीनेही घाबरून आपला काढून हातात धरला होता. वर पोचलेल्या दुखण्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं दार मिळालं.

थोड्या वेळाने एक माणूस शिपायाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गल्लीत आला. त्याला कुणी ओळखलं नाही. केस बारीक कापलेले, कानामागे पिकलेले. मग बरोबर गोदार दिसला आणि लोकांना कळलं.

"मातुरां कोण?" मार्कीने विचारलं.

"मी."

"हे असं दुखतं?"

"दमट हवेत जास्त."

"आणि असं दुखत असताना तू करायचास काय?"

"पिंपं बांधायचो."

मार्कीने इकडेतिकडे पाहिलं आणि तो एका पालथ्या पिंपावर बसला. "वर बाई ओरडते आहे. तिच्या कळा तिलाच आल्या आहेत. सुईण पाहिजे."

पेरेतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "इथलं आटोपल्याशिवाय मी हलणार नाही."

"माझा हुकूम आहे."

"हुकमाने मूल बाहेर येत असतं, तर मला कुणी बोलावलंच नसतं, साहेब." तिने खिडकी लावून घेतली.

मार्की बसून राहिला. त्याला दुसरा हुकूम सुचत नसावा. "तोवर मी काय करू?" त्याने विचारलं.

असं कुठल्या मार्कीने मोंरिव्हेलमध्ये कधी विचारलं नव्हतं. लोक मातुरांकडे पाहू लागले.

"बाईंजवळ बसा," मातुरां म्हणाला. "त्यांना सांगा, कळांचं नाव घेऊन तुमच्या नावाने हाक मारायला. डोकं असंच उघडं ठेवा."

"म्हणजे त्या मला येतील?"

"अर्ध्या तरी."

"पुरुषाला लागत नाहीत, असं गोदार म्हणतो."

"गोदारने करून पाहिलेलं नाही."

मार्कीने गोदारकडे पाहिलं. गोदारने मान हलवली. त्याने खरंच करून पाहिलेलं नव्हतं.

"पाय उशीवर ठेवा," मातुरां म्हणाला. "उंच. आणि अंगठ्यावर पांघरूण घेऊ नका."

मार्की उठला. वळणावळणाला थांबत तो टेकडी चढून गेला. गोदार खालीच राहिला, त्याला कुणी चल म्हटलं नाही. काही वेळाने गढीवरून एक ओरडणं ऐकू आलं. ते पुरुषाचं होतं.

"लागतात म्हणजे," लोहार म्हणाला.

दुपार कलली तरी कोलेत मोकळी होईना. पेरेत दारात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती मातुरांजवळ येऊन बोलली. "वरच्या कळा नाहीत तिच्या अंगावर, फक्त स्वतःच्या आहेत. पण पोर थकली आहे. उपाशी हिवाळा काढलेला, अंगात काही उरलंच नाही."

मातुरांने फडताळातल्या मेणबत्त्यांकडे पाहिलं नाही. "तू पुकार," तो म्हणाला.

"काय पुकारू?"

"तिच्या कळा."

"पण खालच्या माणसाचं दुखणं कधी पुकारतात का? आणि ढोल कुठाय?"

"ढोल कशाला पाहिजे? तुझा आवाज काय कमी आहे?"

पेरेतने हात पुसले. ती उंबऱ्यात उभी राहिली, तिने गल्लीभर नजर फिरवली. कुणाचं नाव घ्यावं ते तिला कळेना. म्हणून तिने कुणाचंच घेतलं नाही.

"कोलेतच्या कळा!" ती ओरडली. "कोण घेतं?"

मातुरांने टोपी काढली.

तो कमरेत वाकला आणि त्याने चौकट धरली. संधिवात त्याने जन्मभर घेतला होता, पण हे वेगळंच होतं. तो ओरडला नाही. गिलो धावत आला.

"काका, एकट्याने नका घेऊ. तुम्हाला आता पिंपसुद्धा एकट्याने उचलवत नाही." आणि त्याने टोपी काढली. "आई गं," तो लगेच म्हणाला, आणि भिंतीला टेकला.

पाववाल्याच्या विधवेने रुमालाची दुहेरी गाठ सोडली. लोहाराची दोरी सुटेना, घामाने गाठ घट्ट बसली होती. "कापा ती!" तो ओरडत होता. "मला काय मागेच ठेवता?" गिलोने वाकल्या वाकल्या आपल्या सुरीने ती कापून दिली. पाद्रीबाबाने टोपी काढून बगलेत धरली आणि तो विहिरीच्या कठड्यावर त्याच जागी जाऊन बसला. गल्लीच्या टोकापर्यंत टोप्या निघत गेल्या. गोदार एकटा मधोमध उभा होता.

"मला तसा अधिकार नाही," तो म्हणाला. जो तो आपापलं पोट धरून होता. गोदारने ढोल जमिनीवर ठेवला, टोपी काढून त्या ढोलावर ठेवली, आणि तोही वाकला. "उचकीपेक्षा बरं आहे," तो जरा वेळाने म्हणाला.

एवढ्या माणसांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला फारसं आलं नाही. कच्ची सफरचंदं खाल्ल्यावर येतो तेवढा गोळा. माणसं भिंती धरून, एकमेकांचे खांदे धरून उभी होती. आतून कोलेतचा आवाज आला. बऱ्याच वेळात पहिल्यांदाच तो तिच्या नेहमीच्या आवाजासारखा वाटला.

"बाबा, जरा उसंत मिळाली."

"मग आटप," मातुरां म्हणाला.

उन्हं उतरायच्या आत मुलगी झाली. ती लगेच रडली. गल्लीतल्या सगळ्यांच्या पोटातला गोळा एकदम गेला, लोकांनी टोप्या शोधल्या, काहींच्या बदलल्या. पेरेतने हात धुतले आणि ती टेकडीवर गेली. परत आली ती अंधार पडता पडता. मार्कीणबाईंना मुलगा झाला होता. आई बरी होती. मार्की जमिनीवर, पाय उशीवर ठेवून निजला होता, आणि झोपेतसुद्धा बाईंनी त्याचं नाव घेतलं की दचकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिलो दुकान उघडत होता. मातुरां घरातून बाहेर आला तो एका बाजूला कलून, हात कमरेवर ठेवून. टोपी डोक्यावर होती.

"काय झालं, काका?"

"कंबर धरली आहे."

"कुणाची?"

मातुरांने टेकडीकडे पाहिलं. मग त्याने जरा सरळ व्हायचा प्रयत्न केला. होता आलं नाही.

"माझी," तो म्हणाला.

"तेल लावून देऊ? घरात आहे."

"राहू दे," मातुरां म्हणाला. "माझी आहे."